नागपूर ते मुंबई : रुग्णासाठी किती लांब?

अतिदक्षता विभागाच्या दाराबाहेरचे हे दृश्य विदर्भातल्या कुठल्याही मोठ्या सरकारी रुग्णालयाला नवे नाही. साठीतले वडील आत आहेत. न्यूमोनिया दोन्ही फुप्फुसांत पसरला आहे, मास्कमधून मिनिटाला दहा लिटर ऑक्सिजन चालू आहे. बाहेर मुलगा, जावई, गावाहून आलेली चार माणसे, आणि मुंबईला नोकरीला असलेला चुलतभाऊ फोनवर. बराच वेळ चर्चा होते. मग मुलगा डॉक्टरांसमोर येऊन म्हणतो, ‘‘साहेब, बाबाले मुंबईले नेतो म्हणतो. समृद्धीनं आठ घंट्यात पोचते ना?’’

मुलाचे चुकलेले काही नाही. आठ तास हा आकडा त्याने बातम्यांत वाचला आहे, आणि निरोगी माणसापुरता तो खराही आहे. समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटरचा. नागपूरजवळच्या शिवमडक्याला सुरू होतो आणि दहा जिल्हे ओलांडून भिवंडीजवळच्या आमणे येथे संपतो. नागपूर ते शिर्डी हा पहिला ५२० किलोमीटरचा टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी खुला झाला. इगतपुरी ते आमणे हा शेवटचा, बोगद्यांचा टप्पा ५ जून २०२५ रोजी. विमानतळ ते विमानतळ सरळ रेघ ओढली तर नागपूर-मुंबई अंतर सुमारे ६८० किलोमीटर भरते. म्हणजे रस्ता आता विमानाच्या रेघेच्या जवळपास येऊन पोचला आहे. रेल्वेचा मार्ग ८३७ किलोमीटर, आणि जुन्या रस्त्यानेही आठशेच्या वरच जावे लागे. विमानाला वेळापत्रकात दीड ते पावणेदोन तास दाखवलेले असतात.

हे सगळे आकडे रस्त्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतचे, किंवा धावपट्टीपासून धावपट्टीपर्यंतचे. रुग्णाचा प्रवास मात्र खाटेपासून खाटेपर्यंत मोजावा लागतो. वॉर्डातल्या खाटेवरून स्ट्रेचरवर, स्ट्रेचरवरून गाडीत, नागपूर शहरातून महामार्गापर्यंत, मग सातशे किलोमीटर, मग आमण्याहून भिवंडी-ठाण्याच्या गर्दीतून परळपर्यंत, आणि तिथे कॅज्युअल्टीच्या दारात थांबून खाट मिळेपर्यंत. दोन्ही टोकांचे मिळून साठ-सत्तर किलोमीटर वाढतात. ते कमी वाटतात, पण संध्याकाळी पाचला ठाण्यात पोचलेल्या गाडीला तेवढेच दोन तास खातात. शिवाय १२० ही समृद्धीवर मोटारींसाठी ठरवलेली कमाल वेगमर्यादा आहे. आत गंभीर रुग्ण असताना कुठलाही शहाणा चालक त्या वेगाला गाडी सतत धरून ठेवत नाही. सगळा हिशेब केला तर दहा तास धरावेत, आणि त्यातही काही बिघडणार नाही असे गृहीत धरलेले असते.

आता या दहा तासांचा ऑक्सिजन मोजू. करोनाच्या दुसऱ्या लाटेत ‘जम्बो’ सिलिंडर हा शब्द घराघरांत पोचला. तो मोठा, डी प्रकारचा सिलिंडर. त्यात सुमारे सात हजार लिटर वायू मावतो. लहान, बी प्रकारच्या सिलिंडरमध्ये सुमारे दीड हजार लिटर. मिनिटाला दहा लिटर लागत असतील तर लहान सिलिंडर अडीच तासांत रिकामा होतो. नागपूरहून निघालेली गाडी तेव्हा वाशीम-बुलढाण्याच्या आसपास असेल. मोठा सिलिंडर याच वेगाने ११ तास ४० मिनिटे पुरतो. म्हणजे जमले, असे वाटते. पण न्यूमोनियाचा रुग्ण वाटेत सुधारत नाही, बहुधा थकतो. जालना मागे पडेपर्यंत दहाचे पंधरा लिटर करावे लागले, तर काय? सुरुवातीपासूनच पंधरा लिटर धरले तर दहा तासांना नऊ हजार लिटर लागतात, आणि भरलेला मोठा सिलिंडर ७ तास ४६ मिनिटांत संपतो. बातम्यांतल्या आठ तासांनाही तो चौदा मिनिटे कमी पडतो. म्हणून रुग्ण हलवताना हिशेबाने येईल त्याच्या दीडपट ते दुप्पट साठा बरोबर ठेवण्याची पद्धत आहे. वॉर्डात ज्यांना नाकातून मिनिटाला साठ लिटरचा ‘हाय फ्लो’ ऑक्सिजन लावलेला असतो, त्यांची तर गोष्टच सोडा. त्या वेगाने मोठा सिलिंडर दोन तासही टिकत नाही.

नातेवाइकांना यातली एक गोष्ट स्वतः पाहता येते. सिलिंडरवरच्या दाबमापकाचा काटा भरलेल्या सिलिंडरला १५०च्या आसपास असतो. काटा ७५वर असेल तर वायू निम्मा आहे, मग गाडीवाला ‘फुल्ल आहे’ असे कितीही म्हणो. निघण्याआधी हा काटा पाहायला डॉक्टर असण्याची गरज नाही.

ऑक्सिजनशिवायही गाडीत संपणाऱ्या गोष्टी आहेत. मॉनिटर, औषध थेंबाथेंबाने सोडणारा पंप, व्हेंटिलेटर ही सगळी यंत्रे बॅटरीवर काही तास चालतात, पुढे त्यांना गाडीतून वीज मिळावी लागते. ती व्यवस्था आहे आणि चालू आहे, हे निघण्याआधी तपासलेले बरे. रक्तदाब टिकवण्याचे औषध चालू असेल तर त्याच्या पुढच्या सिरिंजा आधीच भरून ठेवाव्या लागतात, कारण चालत्या गाडीत ॲम्प्यूल फोडून औषध भरणे हे काम बोलायला सोपे आहे. रक्तदाब खाली गेलेल्या माणसाच्या शरीरात रक्ताचा साठा इतका अटीतटीचा असतो की गाडीचा जोराचा ब्रेकही त्याला सोसत नाही. रक्त एका टोकाकडे सरकते आणि मॉनिटरवरचा आकडा पडतो. आणि धोक्याची जागा बऱ्याचदा रस्त्यावर नसतेच. खाटेवरून स्ट्रेचरवर घेताना चार जण ‘एक, दोन, तीन’ म्हणून उचलतात आणि श्वासनलिकेतली नळी दोन सेंटिमीटर वर सरकते, तो क्षण जास्त धोक्याचा. म्हणून बरोबर कोण आहे, हा प्रश्न गाडी कोणती आहे याच्याइतकाच मोठा आहे. नळी सरकली हे ओळखणारा आणि ती परत बसवू शकणारा माणस गाडीत नसेल, तर ‘कार्डिॲक ॲम्ब्युलन्स’ या पाटीला फार अर्थ उरत नाही.

चालकाकडे तर कुणाचेच लक्ष जात नाही. निर्णय होईपर्यंत संध्याकाळ होते, पैसे आणि गाडी जमेपर्यंत रात्रीचे दहा वाजतात. मग सरळ, एकसुरी, रिकामा रस्ता आणि पहाटे दोन ते पाच ही वेळ, जेव्हा शरीराचे आतले घड्याळ माणसाला झोपेकडे ओढत असते, असा मेळ जमतो. अशा रस्त्यावर डोळे उघडे ठेवूनही मेंदू काही सेकंद झोपू शकतो. ताशी १०० किलोमीटर वेगाने चार सेकंदांत गाडी ११० मीटर पुढे गेलेली असते. १ जुलै २०२३ रोजी मध्यरात्रीनंतर सिंदखेडराजाजवळ याच महामार्गावर खासगी बसला अपघात होऊन आग लागली आणि २५ प्रवासी गेले, हे महाराष्ट्र विसरलेला नाही. रुग्णवाहिकेचा चालक कदाचित दुपारीच दुसरी फेरी करून आलेला असतो. ‘‘दादा, शेवटचे कधी झोपलात?’’ असे त्याला विचारायला हरकत नाही, आणि दुसरा चालक घ्यायला सांगितले तर तो खर्च वायफळ नाही.

मग विमान? इथे बहुतेकांची समजूत अशी, की पैसा असेल तर विमान केव्हाही चांगले. तसे नाही.

प्रवासी विमानाच्या आत हवेचा दाब जमिनीवरच्याइतका नसतो. विमान तीस-पस्तीस हजार फुटांवर असते तेव्हा केबिनमधला दाब सहा ते आठ हजार फूट उंचीच्या डोंगरावर असावा तेवढा ठेवलेला असतो. मनाली किंवा सिमल्याला गेल्यासारखेच. ऑक्सिजनचे हवेतले प्रमाण तेच असते, पण दाब कमी झाल्याने फुप्फुसांना तो कमी मिळतो; आठ हजार फुटांवर जणू जमिनीवरच्या हवेत २१ऐवजी १५ टक्केच ऑक्सिजन असावा, तसा. निरोगी माणसाच्या रक्तातले ऑक्सिजनचे प्रमाण ९७वरून ९२-९३पर्यंत उतरते आणि त्याला कळतही नाही. तो चहा पितो आणि खिडकीतून ढग बघतो. पण जो माणूस जमिनीवरच दहा लिटर ऑक्सिजन घेऊन कसाबसा ९२ टिकवून आहे, त्याला हा उतार परवडणारा नसतो. दीड तास म्हणजे थोडाच वेळ, हे खरे. पण मेंदूला ऑक्सिजनवाचून काढायला दीड तास फार मोठा आहे.

दाब कमी झाला की आणखी एक गोष्ट होते. बंद जागेतली हवा फुगते. आठ हजार फुटांच्या दाबाला ती सुमारे एक तृतीयांशाने वाढते. बिस्किटांचा पुडा विमानात टम्म होतो तो यामुळेच. पुडा फुगला तर गंमत. पण अपघातात बरगडी मोडून फुप्फुसाभोवती हवा साठलेल्या रुग्णाच्या छातीत ती हवा फुगली तर फुप्फुस आणखी दबते, हृदयावर ताण येतो. अशा रुग्णाच्या छातीत आधी नळी घालून हवा काढावी लागते. आतड्याला पीळ पडलेला, पोटाची मोठी शस्त्रक्रिया नुकतीच झालेला, डोक्याच्या मारामुळे कवटीत हवा शिरलेला, या रुग्णांनाही हाच धोका. पोटाच्या मोठ्या शस्त्रक्रियेनंतर साधारण दहा दिवस विमान टाळायला सांगतात ते त्यासाठी. हाताला किंवा पायाला प्लास्टर घालून दोन दिवस झाले नसतील, तर प्लास्टरखाली अडकलेली हवा आणि सूज मिळून रक्तप्रवाह आवळला जाऊ शकतो. तेव्हा प्लास्टर उभे कापून सैल करतात.

विदर्भासाठी यात एक खास भर घालावी लागते. गडचिरोली, चंद्रपूर, नागपूर या पट्ट्यात सिकलसेलचे रुग्ण बरेच आहेत. ऑक्सिजन कमी झाला आणि अंगातले पाणी कमी झाले की या रुग्णांच्या तांबड्या पेशी कोयत्याच्या आकाराच्या होऊन रक्तवाहिन्यांत अडकतात, आणि ‘क्रायसिस’च्या असह्य वेदना सुरू होतात. विमानाची कमी दाबाची, कोरडी हवा यासाठी फारच सोयीची. वेदनांचा झटका येऊन दहा दिवस झाले नसतील तर अशा रुग्णाने विमानात बसू नये, असे विमानप्रवासाचे वैद्यकीय नियम सांगतात. हिमोग्लोबिन साडेसातच्या खाली असेल, तरी आधी डॉक्टरांशी बोलावे. मध्यमवर्गीय घरांतून ‘‘बसचा त्रास नको, विमानानेच नेतो,’’ असे प्रेमाने म्हटले जाते, तेव्हा हे कुणाला ठाऊक नसते.

विमान कंपन्यांचीही आपली पद्धत असते. आजारी प्रवाशासाठी डॉक्टरांनी भरून दिलेला अर्ज लागतो. घरचा सिलिंडर केबिनमध्ये नेता येत नाही. झोपून न्यायचे असेल तर मागच्या काही आसनांवर स्ट्रेचर बसवतात, त्या सगळ्या आसनांचे भाडे भरावे लागते आणि ही सोय सहसा दोन-तीन दिवस आधी सांगावी लागते. प्रत्येक विमानात ती मिळेलच असेही नाही. रुग्णालयातून सोनेगावचा विमानतळ, तिथे दोन तास आधी पोचणे, उड्डाण, मुंबईत सगळे उतरल्यावर शेवटी उतरणे, पुन्हा रुग्णवाहिका आणि परळ. दीड तासाचे सहा तास सहज होतात. खासगी हवाई रुग्णवाहिकेत डॉक्टर, व्हेंटिलेटर सारे असते, आणि गरज असेल तर विमान कमी उंचीवरून नेऊन आतला दाब जमिनीजवळचा ठेवता येतो. पण खर्च लाखांत, आणि तिचीही जमवाजमव, परवानगी, दोन्हीकडची गाडी यांत अर्धा दिवस निघून जाऊ शकतो.

इथपर्यंतचा हिशेब ज्यांना जाणे भागच आहे त्यांच्यासाठी. ज्यांनी अजिबात निघू नये असेही काही रुग्ण आहेत, आणि घाई नेमकी त्यांच्याच बाबतीत होते. हृदयविकाराच्या मोठ्या झटक्यात बंद पडलेली धमनी अँजिओप्लास्टीने दोन तासांच्या आत उघडता येणार नसेल, तर जिथे आहोत तिथेच गुठळी विरघळवणारे इंजेक्शन लगेच द्यायचे, हा सर्वमान्य नियम आहे. पक्षाघातात गुठळी विरघळवण्याची खिडकी साडेचार तासांची. मेंदूची मोठी धमनी बंद असेल तर दर मिनिटाला सुमारे १९ लाख चेतापेशी मरतात. त्या हिशेबाने आठ तास काय आणि दीड तास काय. सर्पदंशावरची लस गावाजवळच्या ग्रामीण रुग्णालयात द्यायची असते. या तिघांसाठी मुंबई समृद्धीनेही दूर आहे आणि विमानानेही. यवतमाळ किंवा वर्ध्याच्या रुग्णाला आधी जिल्ह्यातले रुग्णालय गाठायचे आहे, मग गरज पडली तर नागपूर. नागपुरात मेडिकल आहे, मेयो आहे, सुपर स्पेशालिटी आहे, मिहानमध्ये एम्स आहे. मुंबईचे नाव मोठे आहे म्हणून तिथे बरेच रुग्ण जातात, आणि नागपुरात सहज झाले असते असे उपचार घेऊन परत येतात.

या दोन शहरांमधला एक प्रवासी मात्र असा आहे, की त्याच्या बाबतीत विमानाचा वेग खरोखर कामाला येतो. दात्याच्या शरीरातून काढलेले हृदय. चार अंश सेल्सियसच्या आसपास थंड ठेवले की पेशींची भूक जेमतेम दहाव्या हिश्श्यावर येते, पण थांबत नाही. रक्तपुरवठा बंद केल्यापासून नव्या छातीत तो पुन्हा सुरू होईपर्यंत साधारण चार तास मिळतात. त्यात रस्त्याने नागपूर-मुंबई बसत नाही. म्हणून विमान, आणि दोन्ही शहरांत पोलिसांनी मोकळा केलेला रस्ता, ज्याला आता सगळेच ‘ग्रीन कॉरिडॉर’ म्हणतात. यकृताला आठ ते बारा तास चालतात. मूत्रपिंडाला दिवसभरही चालते; त्याची पेटी समृद्धीवरून निवांत गेली तरी बिघडत नाही. अंतर तेच, रस्ताही तोच, घाई ज्याची त्याची.

आणि ज्यांना मुंबईला जाणे खरोखर योग्य, त्यांच्यात घाई नसलेलेच जास्त. कर्करोगाचे रुग्ण घ्या. टाटा रुग्णालयात दाखवायला निघालेल्या रुग्णाच्या गाठीत एका रात्रीने फरक पडत नाही. त्याला दुरांतो किंवा विदर्भ एक्स्प्रेसची खालची बर्थ पुष्कळ बरी. झोपून जाता येते, उठून चालता येते, शौचालय आहे, आणि कर्करोगाच्या रुग्णांना रेल्वेभाड्यात सवलतही आहे. आठ तास मोटारीत पाय लोंबकळत बसून राहिले तर पिंढरीच्या शिरांत रक्त साकळून गुठळी होऊ शकते, आणि कर्करोगात ही प्रवृत्ती मुळातच वाढलेली असते. मोटारीनेच जायचे असेल तर दर दोन तासांनी उतरून पाच मिनिटे चालावे, पाणी प्यावे. लघवीला थांबावे लागेल म्हणून पाणी न पिणाऱ्या आयाबहिणींना हे दोनदा सांगावे लागते.

कुठल्याही मार्गाने निघायचे असो, तिकडे खाट पक्की झाली का, हे आधी कळले पाहिजे. मुंबईतल्या मोठ्या सरकारी रुग्णालयांचे दार कुणाला बंद नसते, पण अतिदक्षता विभागातली रिकामी खाट ही वेगळी गोष्ट आहे. सातशे किलोमीटर नीट पार पडलेला रुग्ण मुंबईत एका फाटकावरून दुसऱ्या फाटकाकडे फिरत राहतो, आणि सिलिंडरचा काटा तिथे खाली येतो. कोणत्या डॉक्टरांशी बोलणे झाले, किती वाजता, कोणत्या विभागात खाट, हे रेफरल चिठ्ठीवर लिहिलेले असावे. आणि महामार्गावरून मध्येच कुठेही उतरता येत नसल्याने, वाटेत बिघडले तर कोणत्या इंटरचेंजला उतरून कुठे जायचे हेही. अर्ध्याहून जास्त वाट सरल्यावर छत्रपती संभाजीनगरचे घाटी रुग्णालय आहे. हे चालकाला निघतानाच माहीत असलेले बरे.

दाराबाहेर उभ्या असलेल्या त्या मुलाला डॉक्टरांनी ‘नेऊ नका’ असे सांगितले नाही. असे सांगितले की घरच्यांना वाटते, काही तरी लपवताहेत. त्यांनी केसपेपरच्या मागच्या बाजूला दहा तास, साठ मिनिटे, पंधरा लिटर असा गुणाकार मांडला आणि नऊ हजारांच्या खाली रेघ ओढली. मुलगा बी.कॉम. झालेला, त्याने स्वतःच विचारले, ‘‘मंग दोन जम्बो लागतील ना साहेब?’’

‘‘दोन भरलेले. आणि काटा तू बघायचा,’’ डॉक्टर म्हणाले.

मग त्यांनी सीटी स्कॅनचे फोटो आणि दोन दिवसांच्या तपासण्या मुलाच्या फोनवर घेतल्या, चुलतभावाला पाठवायला सांगितल्या. भावाने तिथल्या छातीच्या डॉक्टरांना त्या दाखवायच्या आणि दोनच गोष्टी विचारायच्या : इथे जे चालू आहे त्यापेक्षा वेगळे तिथे काय करणार, आणि खाट आहे का. फोटो अर्ध्या मिनिटात मुंबईला पोचले.

‘‘उत्तर आलं की मला सांग,’’ डॉक्टर म्हणाले. ‘‘रात्री नऊपर्यंत आलं तरी निघायचं झालं तर सकाळी सहाला निघू. चालकाला आत्ताच झोपायला सांग.’’